ताईच्या कार्डावरचं नाव

जर्मनीत बोबलिंगेनला आम्ही राहायचो त्या बिल्डिंगमध्ये एक लाकडी पाटी होती. घरं सहा, पाटी एक. ती ज्या घराच्या दाराला अडकवलेली असेल त्या घराने त्या आठवड्यात जिना पुसायचा, तळघर झाडायचं आणि बर्फ पडला तर लोक बाहेर पडायच्या आत फाटकापर्यंतची वाट मोकळी करून मीठ टाकायचं. याला तिकडे केअरवोखे म्हणतात. आठवडा संपला की पाटी गुपचूप पुढच्या दाराला. कोणी आठवण करून देत नाही, पण चुकलात तर दुसऱ्या दिवशी दारात चिठ्ठी असते.

आम्ही राहायला आलो त्याच महिन्यात मी चुकले. नवी नोकरी, पोर तीन वर्षांची, नवरा सकाळी सहाला गाडीच्या कंपनीत पळायचा, त्यात ती पाटी कोण बघतंय. पहिल्या मजल्यावरच्या आजीबाईंची चिठ्ठी आली. पण मी झाडू घेऊन खाली गेले तर जिना लखलखीत. तळमजल्यावरची बाई बादली घेऊन उभी होती. म्हणाली की तिलाही पहिल्या महिन्यात चिठ्ठी आली होती आणि ती दोन दिवस रडली होती, तेव्हा तू रडू नकोस. हसली आणि बादली आत घेऊन गेली. आमची ओळख झाली ती अशी.

खोटं कशाला बोलू, त्याआधी मला तिची भीती वाटायची. घानाची बाई, चाळिशीतली, उंच, आवाज असा की फोनवर बोलली तरी तिसऱ्या मजल्यावर आम्हाला ऐकू यायचं. तिच्या दारावरून जाताना मी लेकीचा हात जरा घट्ट धरायचे. आणि ही मी कोण, तर दर जयंतीला स्टुटगार्टच्या हॉलमध्ये माईक हातात घेऊन समतेवर पंधरा मिनिटं बोलणारी. घरात बुद्धमूर्ती, कपाटात चार कपाटांची पुस्तकं कोंबलेली, आणि जिन्यात ही तऱ्हा. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

ती एका वृद्धाश्रमात कामाला होती. म्हाताऱ्यांना उठवणं, आंघोळ घालणं, जेवू घालणं. एकटी राहायची, भाऊ दूर हॅम्बुर्गला. हळूहळू येणंजाणं सुरू झालं. तिच्या हातचं शेंगदाण्याचं पातळ कालवण खाल्लं तेव्हा मी चाटच पडले, थेट आमच्याकडच्या दाण्याच्या आमटीची बहीण, फक्त तिखट दुप्पट. भेंडी ती चिकट शिजवायची, मी कोरडी, यावरून आम्ही एकमेकींना यथेच्छ नावं ठेवली. माझ्या लेकीच्या केसांच्या बारीक बारीक वेण्या घालायला ती दोन तास बसायची, आणि माझ्यापुढे दोन मिनिटं न बसणारी कार्टी तिच्यापुढे मुकाट बसायची. मला ती सिस्टर म्हणायची. तुमच्यात मोठ्या बहिणीला काय म्हणतात, असं तिने एकदा विचारलं. मी सांगितलं, ताई. मग मला तेच म्हण, म्हणाली. तेव्हापासून ती ताई.

दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत ती चार दिवस दिसली नाही. मी दार वाजवलं. बऱ्याच वेळाने उघडलं तर ही भिंतीला धरून उभी, चेहरा राखेसारखा, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा. पाठ आणि मांड्या धरल्या होत्या. मी एक शब्द विचारला नाही. तिला निजवलं, वर पळत जाऊन गरम पाण्याची पिशवी आणली, दोन टॉवेलांत गुंडाळून कमरेखाली सरकवली, हीटर वाढवला, आणि ग्लासामागून ग्लास कोमट पाणी पाजत बसले. तासाभराने तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघत राहिली. विचारलं, तुझ्या घरात हे कोणाला होतं?

मी म्हणाले, कोणालाच नाही. इंटरनेटवर वाचलंय.

आता खरं सांगते. हे माझ्या थोरल्या भावाला होतं. सिकलसेल. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकून बसतात, आणि मग हाडं आतून फुटल्यासारखी दुखतात. आमच्या विदर्भात घरोघरी हे आहे आणि एकाही घरात हे नाही, कारण कोणी बोलतच नाही. आईबाप दोघांकडे अर्धं अर्धं असेल तर पोराच्या वाट्याला पूर्ण येऊ शकतं. भावाच्या वाट्याला आलं. त्याची पिशवी भरणं, टॉवेल गुंडाळणं, पाणी पाजणं हे माझं काम होतं, मी आठ-नऊ वर्षांची असल्यापासून. एकोणिसाव्या वर्षी तो गेला. आईने वस्तीत सांगितलं, कावीळ झाली. त्याचे डोळे पिवळे असायचेच, त्यामुळे सगळ्यांनी मान हलवली. माझ्या वाट्याला अर्धं आलं होतं. नोकरीला लागल्यावर वस्तीत सिकलसेल तपासणीचं शिबिर झालं त्यात रक्त दिलं, तर मला पिवळं कार्ड मिळालं, म्हणजे वाहक. तुला काही होणार नाही, फक्त लग्नाआधी मुलाचं रक्त तपासून घे, असं तिथल्या सिस्टरने सांगितलं. आईने ते कार्ड माझ्या हातातून घेतलं आणि ट्रंकेत तळाशी टाकलं. म्हणाली, “हे कोणाले दिसलं नाही पाहिजे. धाकट्या बहिणीचंही व्हायचं आहे.”

पुण्याचं स्थळ आलं. मुलगा इंजिनिअर, जर्मनीला जाणार, आई महापालिकेच्या दवाखान्यातून रिटायर झालेली नर्स, वडील नाहीत. बघण्याच्या कार्यक्रमात सासूबाईंनी सरळ विचारलं, तुमच्या भागात ते रक्ताचं असतं, तसलं काही नाही ना? बाबा म्हणाले, छे छे. आणि मुलगा कशाने गेला? कावीळ. मी पोह्यांचा ट्रे घेऊन उभी होते. तोंड उघडता आलं असतं. नाही उघडलं. त्यानंतर नऊ वर्षं नाहीच उघडलं. नवऱ्याचं रक्त तपासायचं कोणत्या तोंडाने सांगणार? लेक झाली तेव्हा जर्मनीत नवजात बाळाच्या टाचेचं रक्त घेऊन सतरा तपासण्या करायचे, पण त्यांत ही नव्हती. मी वर्षभर रोज सकाळी तिचे मोजे काढून बोटं सुजली आहेत का बघायचे, बाळांत हा आजार आधी तिथेच दिसतो. मला वाटायचं, नवरा मनात म्हणत असेल, बायकोला पोरीच्या पायांचं काय वेड आहे.

असो. ताईला मी खोटं सांगितलं आणि तिने ते ऐकून घेतलं, बस.

त्या उन्हाळ्यात तिने मला तिच्या चर्चमध्ये नेलं. चर्च कसलं, एका टायरच्या गोदामावरचा भाड्याचा हॉल. खाली रबराचा वास, वर दोनशे माणसं, ड्रम, एकसारख्या छापील कापडाचे झगे घातलेल्या बायका आणि चार तासांची प्रार्थना. त्या दिवशी प्रार्थनेनंतर आरोग्याचा कार्यक्रम होता. टेबलं मांडून त्यांच्यातल्याच नर्सेस ब्लडप्रेशर, शुगर आणि सिकल तपासत होत्या. आणि माईकवरून काय बोलत होते, बाप रे. त्यांचा पाद्री लग्न जाहीर करायच्या आधी दोघांचे रक्ताचे रिपोर्ट मागायचा. एक तरुण मुलगी उठली आणि सगळ्यांसमोर म्हणाली की आमच्या दोघांतही अर्धं आहे, आम्ही विचार केला आणि थांबायचं ठरवलं. तिची आई रडत होती, पण दहा बायकांनी उठून दोघींना मिठीत घेतलं. मग ताई गेली माईकवर. म्हणाली, मला पूर्ण आहे, लहानपणी डॉक्टर म्हणाले होते वीस वर्षं जगेल, मी बेचाळीस वर्षांची आहे. हॉल नाचायला लागला, अक्षरशः नाचायला. मी खुर्चीत अंग चोरून बसले. हेच माझ्या आईने ट्रंकेत टाकलं होतं.

रांग लागली तेव्हा ताईने मला कोपराने ढोसलं, चल, तूही दे, तुमच्या देशातही असतं म्हणे. मी म्हणाले, असेल कुठे जंगलात, आमच्यात नाही. हे वाक्य मी उच्चारलं आहे. तोंडाला फोड कसा आला नाही कोण जाणे.

परत येताना ट्रेनमध्ये तिने पर्समधून एक घडीचं कार्ड काढलं. आजाराचं नाव, मोठ्या इस्पितळातल्या तिच्या डॉक्टरांचा शिक्का, दुखणं उठलं तर कोणतं औषध किती द्यायचं, आणि खाली एक ओळ, संपर्काची व्यक्ती. त्या ओळीवर भावाचं नाव खोडलेलं होतं, कारण हॅम्बुर्गहून यायला त्याला दिवस लागतो. ती म्हणाली, “इमर्जन्सीत काळी बाई येते, विव्हळते आणि जहाल औषधाचं नाव घेऊन डोसपण सांगते. त्यांना वाटतं नशेसाठी मागते आहे. दोनदा झालंय. तू फक्त शेजारी उभी राहा आणि सांग, मला हा आजार माहीत आहे, हिचं दुखणं खरं आहे. एवढंच.”

मी म्हणाले, हो हो, गेनाऊ, अगदी तसंच, तू काळजी करू नकोस. तिने पेन काढलं आणि गुडघ्यावर कार्ड ठेवून माझं नाव लिहिलं. स्पेलिंग दोनदा विचारून नीट लिहिलं.

डिसेंबरात सासूबाई आल्या. त्यांना बर्फ बघायचा होता. आल्यावर आठ दिवसांत ताईची आणि त्यांची गट्टी जमली. एकीला मराठी नाही, दुसरीला इंग्लिश नाही, तरी दोघी किचनमध्ये तासभर दाणे भाजत बसायच्या आणि दोघींचं हसू मला ऑफिसच्या कॉलमध्ये ऐकू यायचं. मी एरवी नवऱ्याला अरे-तुरे करते, सासूबाई आल्या की अहो. तेही ताईने पकडलं आणि नक्कल करून दाखवली.

एका शनिवारी आमच्याकडे जयंती मंडळाची माणसं होती, सासूबाईंना भेटायला. बोबलिंगेन-गेर्लिंगेन, पार नेकारसुल्मपासून लोक आले, पुरणपोळ्या झाल्या, गप्पा झाल्या, सगळे दमून झोपले. रविवारी सकाळी उठून पडदा सरकवला तर बाहेर घोट्यापर्यंत बर्फ. सासूबाई खिडकीला नाक लावून उभ्या राहिल्या. मी म्हटलं वा, आणि मग आठवलं. पाटी आमच्या दाराला होती. बर्फ काढायचं काम माझं होतं.

कोट अडकवून खाली धावले. वाट फाटकापर्यंत मोकळी होती, दोन्ही बाजूंना नीट ढीग, वर मीठही टाकलेलं. फावडं ताईच्या दाराशी टेकवलेलं होतं. दार नुसतं लोटलेलं. आत ती बुटांसकट जमिनीवर पडली होती, गुडघे पोटाशी, दात करकर वाजत होते. थंडी आणि दमणूक, या आजाराला याच दोन गोष्टी चालत नाहीत, हे माझ्याइतकं त्या बिल्डिंगमध्ये कोणाला माहीत होतं? ती एवढंच म्हणाली की वर पाहुणे होते, तुला उठवावंसं वाटलं नाही.

पिशवी आणली, टॉवेल आणले. या वेळी त्याने भागत नव्हतं. लेकीला सासूबाईंकडे ठेवलं. सासूबाई खाली येऊन ताईजवळ वाकल्या, डोळ्यांची पापणी खाली ओढून पाहिली आणि मला म्हणाल्या, लवकर न्या. नवऱ्याने गाडी काढली. वाटेत ताईने कार्ड माझ्या हातात दिलं आणि माझी मूठ त्यावर मिटली. सगळी वाट तिने मूठ सोडली नाही.

इमर्जन्सीत गर्दी होती, बर्फावर घसरून पडलेली माणसं. अर्ध्या तासाने एक तरुण डॉक्टर आला, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, रात्रभराचा जागा. वाईट माणूस नव्हता तो. कार्ड वाचलं, उलटं करून बघितलं, म्हणाला की असा पेशंट मी कधी पाहिला नाही, तिच्या डॉक्टरांचा फोन रविवारी लागत नाही. ताईने औषधाचं नाव सांगितलं आणि डोस सांगितला. त्याने तिचा चेहरा बघितला, मग कार्डाच्या खालची ओळ, आणि माझ्याकडे वळला. हे नाव तुमचं का? हो. तुम्हाला हा आजार माहीत आहे? जवळून पाहिला आहे कोणात? हिचं दुखणं तसंच आहे का?

नवरा माझ्या उजव्या बाजूला उभा होता, ताईचा कोट हातावर घेऊन. तोही माझ्याकडे बघत होता. त्याला जर्मन माझ्याहून चांगलं येतं. मी हो म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार, कोणात पाहिलात? आणि त्याचं उत्तर माझा भाऊ. म्हणजे कावीळ खोटी, म्हणजे बाबा खोटे, म्हणजे मी खोटी, आणि घरी खिडकीशी सासूबाई बसलेल्या. धाकट्या बहिणीचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, तिच्या सासरपर्यंत माझं मन एका सेकंदात जाऊन आलं. ताईने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं.

मी म्हणाले, “नाही, मला काही माहीत नाही. मी फक्त वरच्या मजल्यावर राहते.”

डॉक्टरने मान हलवली. ही काय काम करते, विचारलं. आता तरी तिला मदत करावी म्हणून मी घाईघाईने सांगितलं की ती फार कष्टाळू आहे, वृद्धाश्रमात असते, म्हाताऱ्यांना औषधंसुद्धा तीच देते. बोलता बोलताच त्याच्या चेहऱ्यात काहीतरी मिटलं ते मला दिसलं. मी आयटीत टेस्टर आहे, दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते, आणि स्वतः काय बोलून बसले ते वाक्य तोंडातून गेल्यावर कळलं: औषधं जिच्या हाताशी, तिच्यावर नशेचा संशय आणखी पक्का. आल्झो, म्हणजे बरं तर, असं म्हणून त्याने साधी गोळी लिहून दिली, रक्त काढून घेतलं, रिपोर्ट येईपर्यंत थांबा म्हणाला. ताईला कॉरिडॉरमध्ये एका खाटेवर सरकवलं. ती भिंतीकडे तोंड करून वळली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तिने खांदा काढून घेतला नाही, पण हातही धरला नाही. नातेवाईक नसाल तर इथे थांबायची गरज नाही, असं नर्स म्हणाली. आणि आम्ही निघालो. मी निघाले. कोणी हाकललं नव्हतं.

ताईचा कोट नवऱ्याच्याच हातावर राहिला होता, तो त्याने गाडीत मागच्या सीटवर घडी करून ठेवला.

घरी आलो तर सासूबाई दारातच. कशी आहे ती, औषध दिलं का. मी म्हटलं, तपासण्या चालू आहेत. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, “सांगितलंस ना त्यांना, तुझ्या भावाचं?”

मी बुटाची लेस सोडवत होते. तशीच खाली बसून राहिले.

सासूबाई समोर स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, अगं, तीस वर्षं वॉर्डात काढली मी. तुझ्या वडिलांचा चेहरा बघूनच कळलं होतं मला. घरी गेल्यावर ऑफिसचं मेडिकल आहे सांगून याचं रक्त तपासून घेतलं. याच्यात काही निघालं नाही, तेव्हा होकार कळवला. पोरगी चांगली होती, स्थळ कशाला सोडायचं? आणि याला नंतर सांगून ठेवलं की तिचं दुखणं तिचं आहे, ती आपणहून बोलेपर्यंत तू विषय काढायचा नाही. मी नवऱ्याकडे बघितलं. तो बूट घालून तसाच उभा होता. म्हणाला, “मला वाटलं, आता तरी सांगशील. मी वाट बघत होतो. तुझी गोष्ट मी कशी सांगू?”

म्हणजे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. नऊ वर्षं. लेकीची बोटं मी वर्षभर तपासली, ती भीती एका वाक्यात गेली असती. पण ते जाऊ दे. जी गोष्ट लपवायची उरलीच नव्हती ती लपवायला मी त्या बाईला कॉरिडॉरमध्ये टाकून आले होते. सासूबाईंना तोवर माझ्या तोंडावरूनच कळलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. फक्त म्हणाल्या, ऊठ, परत जा, अजून दोनच वाजलेत.

परत गेलो तेव्हा कॉरिडॉरमधली खाट रिकामी होती. तिला ताप चढला होता, श्वास लागला होता, दुखणं छातीत उतरलं होतं. या आजारात छातीत उतरणं म्हणजे काय ते मी एकदा घरी बघितलं आहे. ड्युटी बदलून आलेल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी कार्ड बघताच धावपळ केली होती आणि तिला आयसीयूत नेलं होतं. मी त्यांना गाठलं आणि धापा टाकत सगळं बोलले. माझ्या भावाला होतं, मी लहानपणापासून पाहिलंय, हिचं दुखणं खरं आहे. जर्मनचं व्याकरण गेलं खड्ड्यात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, धन्यवाद, आता आम्हाला कळलं आहे. सकाळी कोणी सांगायला हवं होतं.

ताई वाचली. तीन आठवडे लागले. तिच्या चर्चच्या बायका पाळ्या लावून येत होत्या, बाहेरच्या बाकावर बसून हलक्या आवाजात गात होत्या, डबे आणत होत्या. त्यातली एक मलाही प्लेटमध्ये भात वाढायची. मी खायचे, कारण नाही म्हणायचंही तोंड नव्हतं. फुप्फुसं कमजोर झाली, म्हाताऱ्यांना उचलायचं काम तिला पुन्हा जमलं नाही. वृद्धाश्रमाने तिला कपडे धुण्याच्या विभागात घेतलं, अर्ध्या दिवसाचं काम. माणसांत राहायला आवडायचं तिला, दिवसभर मशीनसमोर उभी राहायला लागली.

घरी आली त्या आठवड्यात पाटी तिच्या दारी होती. मी ती काढून आमच्या दाराला लावली, जिना पुसला आणि मग तिचं दार वाजवलं. सासूबाईंनी दाण्याची चटणी दिली होती. खुर्चीवर बसले आणि सगळं सांगून टाकलं. भाऊ, कावीळ, ट्रंक, पिवळं कार्ड, पोहे, सगळं. रडलेही. तिने मधे एकदाही थांबवलं नाही. शेवटी मी म्हटलं, ताई, मला माफ कर, तुला मी खोटं सांगितलं.

ती म्हणाली, “मला फेब्रुवारीतच कळलं होतं. पिशवीला दोन टॉवेल गुंडाळलेस तेव्हा. एका टॉवेलने भाजतं, हे वाचून कोणाला कळत नाही. म्हणून तर तुझं नाव लिहिलं. मला वाटलं, हिच्या घरातलं कोणी गेलंय, ही मला एकटी सोडणार नाही.”

तिने चटणीचा डबा उघडला, बोटाने चाखली, म्हणाली, आईंना सांग, मीठ बरोबर आहे. मग उठून हळूहळू भिंतीला धरत पर्सपर्यंत गेली. माझ्या मनात आलं, आता ती म्हणेल जाऊ दे, आणि मी पुन्हा वचन देईन, आणि या वेळी पाळीन. एवढी लबाडी करूनही माणसाला आशा असतेच.

तिने कार्ड माझ्यासमोर टेबलावर उलगडलं. शेवटच्या ओळीवर माझ्या नावावरून एक सरळ रेघ मारलेली होती, फुटपट्टीने मारावी तशी. वर जागा उरली नव्हती म्हणून बाजूच्या समासात बारीक अक्षरात चर्चमधल्या एका बाईचं नाव लिहिलं होतं. ती मला भात वाढायची तीच.

“ती हाइलब्रॉनला राहते,” ताई म्हणाली. “यायला तासभर लागतो. पण आली की बोलते.”